चोडणात माझं कोणी नाही

गुरुवारी आमच्याकडे मासळी नसते.
खवले काढणं नाही, सोलांची बरणी शोधणं नाही,
मांजरसुद्धा त्या दिवशी फिलोमेनाकडे जेवतं.
तेवढीच पाऊण तासाची चिल्लर
उरते हातात.
ती मी कुठे खर्च करते
हे बरेच महिने घरी कळलं नव्हतं.

सांतिनेजच्या लॅबमध्ये मी कवळ्या करते.
दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे,
नंबर घातलेले, आ वासलेले,
कुणा निवृत्त हेडमास्तरांचे, कुणा पोदेरणीचे,
आणि सगळ्यांनाच घाई.
पुतणीचं लग्न आहे, फेस्त तोंडावर आलंय,
दात शुक्रवारपर्यंत हवेत.
मी मेण ओतते, घासते, हिरड्यांचा गुलाबी जुळवते,
आणि रात्री झोपेत
स्वतःचे दात करकरा खाते,
असं पुंडलिक सांगतो.
डॉक्टर कार्व्हालोंनी आरशात दाखवलं,
सुळे झिजून सपाट.
"एवढं कसलं चावताय बाई?"
यादी मोठी होती.
मी चूळ भरली.

तर गुरुवारी करमळीच्या बसमधून
मी रायबंदरलाच उतरते.
धक्क्यावर फेरीबोट लागलेली असते.
चालत येणाऱ्याला तिकीट नाही,
नुसत्या माणसाचं वजन सरकार धरत नाही.

पलीकडे चोडण.
स्कूटरी धडधडत उतरतात, शाळेची पोरं,
भाजीच्या पिशव्या, कुणाचा तरी गॅस सिलिंडर.
मी उतरत नाही.
पहिल्यांदा दोरवाल्या सगुणने विचारलं,
"देंवना गो तूं?"
"राहिलंय काहीतरी," म्हटलं,
आणि राहिले.
तिसऱ्या गुरुवारपासून त्याने विचारणं सोडलं,
बाकावरचं पाणी तेवढं फडक्याने पुसून ठेवतो.

चार खेपा. कधी पाच.
मोबाईल पर्समध्ये, पर्स डब्याच्या पिशवीत,
पिशवी पायांत.
मांडवी बघते म्हणावं तर तसंही नाही.
खारफुटीखाली चिखल चमकतो,
खंड्या त्याच त्या खांबावर,
इंजिनाची थरथर बाकातून मणक्यात चढते,
आणि दोन्ही धक्के सारखेच लांब असतात तिथे कुठेतरी
माझा खालचा जबडा सुटतो.
मी त्याला सोडलेला नसतो.
जीभ टाळूवरून खाली येते,
वरच्या-खालच्या दातांत फट पडते
तांदळाच्या दाण्याएवढी.

आमच्या धंद्यात हिला विश्रामाची जागा म्हणतात.
कवळी करताना ती ठेवावीच लागते,
दोन-तीन मिलिमीटर.
नाही ठेवली तर कवळी कितीही देखणी असो,
माणूस आठवड्याभरात काढून ठेवतो तिला
पाण्याच्या वाटीत.
एकवीस वर्षं मी ही फट मोजत आले,
लोकांच्या तोंडात.

मग फिलोमेनाच्या जावयाने पाहिलं.
पुंडलिकने दोन दिवस गिळून ठेवलं,
रविवारी बांगडा खाता खाता विचारलं,
"चोडणात कोण आहे तुझं?"
"कोणी नाही."
"मग?"
"मग काय? म्हणूनच."
तो काटे काढत बसला
बराच वेळ,
त्या बांगड्यात नव्हते तेवढे.

बुधवारी रात्री, दिवा घालवल्यावर,
"उद्या मी येऊ?"
दिवसभर मीटर वाचत गल्लोगल्ली फिरणारा माणूस.
कुत्री भुंकतात, लोक बिलावरून भांडतात,
घरी येऊन तो पंख्याखाली बसतो
आणि मी त्याला नारळ आणायला पिटाळते.
"नको," म्हटलं. "तू सोमवारी जा.
सोमवारीही मासळी नसते."

काल सोमवार होता.
साडेसात वाजले, आला नव्हता.
भात उतरवला, झाकून ठेवला.
मांजर फिलोमेनाकडे.
फोन समोरच होता टेबलावर.
मी तो उचलला नाही.